पडद्यामागचा सातबारा

पुण्यात अप्पा बळवंत चौकात 'प्रभात' थिएटर होतं. त्याच्या तिकीटखिडकीशी रांगेत उभ्या राहिलेल्या पुणेकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की ज्या भिंतींच्या आत ते शिरणार आहेत त्या इंदूरकरांच्या आहेत. इंदूरच्या सरदार किबे घराण्याची ती मालमत्ता. आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांना या घराण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरला होळकर आणि इंग्रज यांच्यात तह झाला, तेव्हा होळकरांच्या बाजूनं बोलणी करणारे तात्या जोग म्हणजे विठ्ठल महादेव किबे. होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली ती त्यानंतर. पुढे याच घराण्यातले सरदार माधवराव किबे होळकर दरबारात मोठ्या पदांवर होते, आणि रावणाची लंका अमरकंटकाच्या बाजूला होती असं प्रतिपादन करून त्यांनी भल्याभल्या पंडितांना वादात ओढलं. सावकारी आणि दिवाणगिरीवर उभं राहिलेलं हे घराणं. त्यांच्या पुण्यातल्या जागेत १९३४ साली थिएटर सुरू झालं आणि ते चालवायला घेतलं प्रभात फिल्म कंपनीनं.

हा जोड फार बोलका आहे. एकीकडे माळव्यातले सरदार, ज्यांच्याकडे जमीन आणि दम होता. दुसरीकडे शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी हे पाच भागीदार, ज्यांच्याकडे हुन्नर होता. कोल्हापुरात १९२९ साली कंपनी काढून ते १९३३ मध्ये पुण्याला आलेले. त्यांनी थिएटरला नाव दिलं, कीर्ती दिली, प्रेक्षक दिला. जागा मात्र भाड्याचीच राहिली. १९५३ मध्ये कंपनी मिटली. तिच्या स्टुडिओच्या आवारात १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. थिएटर मात्र दामले कुटुंबीयांनी चालवत ठेवलं. १९९१ चा 'माहेरची साडी' इथे किती दीर्घ काळ मुक्कामाला होता, हे पुण्यातल्या त्या पिढीच्या बायकांना विचारावं. २०१४ च्या अखेरीस भाडेकराराचा शेवट आला, वास्तू किबे घराण्याकडे परत गेली आणि पुढे तिथे 'किबे लक्ष्मी' ही पाटी लागली.

'प्रभात बंद झालं' म्हणून लोक हळहळले. वास्तविक भिंती जिथल्या तिथे होत्या आणि पुढे सिनेमेही लागले. मालकांनी आपली वस्तू मागितली, त्यात काही गैर नव्हतं. ऐंशी वर्षं चालवणाऱ्यांनी जाताना आपलं नाव सोबत नेलं, त्यातही नव्हतं. तरीही लोकांचं काहीतरी गेलं, आणि ते कुठल्याच दस्तात नोंदलेलं नव्हतं. सिनेमागृहाच्या मालकीचा सगळा पेच मला इथे दिसतो. जमीन एकाची, वास्तू कधी त्याची तर कधी दुसऱ्याची, लायसन्स तिसऱ्याच्या नावावर, पडद्यावरचा सिनेमा चौथ्याचा, आणि ज्याच्यामुळे हे सगळं चालतं तो प्रेक्षक कुठेच नाही.

ज्या इंग्रजांकडून ही थिएटरं आपल्याकडे आली त्यांच्याकडे मालकीचा प्रवास निराळा झाला. बर्मिंगहॅमच्या ऑस्कर डॉइश यांनी १९३० मध्ये पेरी बार इथे पहिलं 'ओडियन' उघडलं आणि दहा वर्षांच्या आत अडीचशेच्या आसपास थिएटरांची साखळी उभी केली. १९४१ साली ते वारले आणि ही साखळी जे. आर्थर रँक यांच्या हाती गेली. रँक म्हणजे पिठाच्या गिरण्यांच्या घराण्यातला, चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवणारा श्रद्धाळू माणूस. 'गॉमाँ ब्रिटिश' ही दुसरी बलाढ्य साखळीही त्यांनी त्याच सुमारास ताब्यात घेतली. १९४६ साली ब्रिटनमध्ये वर्षाला १६३ कोटींहून अधिक तिकिटं खपत होती. १९८४ मध्ये हा आकडा साडेपाच कोटींच्या आत आला. मधल्या काळात टीव्ही आला होता, आणि शेकडो ओडियन-गॉमाँमध्ये पडद्याऐवजी बिंगोचे आकडे पुकारले जाऊ लागले. पेरी बारचं ते पहिलं ओडियनही आधी बिंगोचं आणि मग समारंभांचं सभागृह झालं. साखळी मात्र विकली जातच राहिली: २००० मध्ये एका गुंतवणूक कंपनीला, २००४ मध्ये दुसरीला, २०१६ मध्ये अमेरिकन 'एएमसी'ला, जिची सूत्रं तेव्हा 'वांडा' या चिनी उद्योगसमूहाकडे होती. पाटीवरची अक्षरं तीच राहिली आणि नफा कधी लंडनला गेला, कधी समुद्रापार.

मल्टिप्लेक्स येण्यापूर्वी आपल्याकडे अशी साखळी एकदाच खऱ्या अर्थानं उभी राहिली, कलकत्त्याच्या जमशेदजी मदन यांची. ती बोलपट आल्यावर कोसळली. त्यानंतर हिंदुस्थानातलं थिएटर हे बहुतेक एकेका शेठचं, सरदाराचं, पारशी कुटुंबाचं प्रकरण राहिलं. मुंबईचं रीगल १९३३ साली फ्रामजी सिधवा यांनी उघडलं, इरॉस १९३८ मध्ये शियावक्स कंबाटा यांनी. रॉयल ऑपेरा हाऊसचा इतिहास तर मालकीच्या बदलांचा छोटा ग्रंथ आहे. कलकत्त्याचे मॉरिस बँडमन आणि कोळशाचे व्यापारी जहांगीर कराका यांनी ते बांधायला घेतलं, १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते अर्धवट वास्तूचंच उद्घाटन झालं, १९३५ च्या सुमारास 'आयडियल पिक्चर्स'नं त्याचं सिनेमागृह केलं, आणि १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं. १९९३ साली ते बंद पडलं. तेवीस वर्षं धूळ खात पडून २०१६ मध्ये आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन ते उघडलं. मालक टिकून राहिला आणि त्याच्याकडे वाट पाहण्याइतकी ऐपत होती, म्हणून ते वाचलं. एकट्या मालकाच्या थिएटरची ताकद हीच आणि दुबळेपणाही हाच. मालक रसिक असेल तर वास्तू तोट्यातही तग धरते. पुढच्या पिढीत चार वारस झाले आणि चौघांची घरं चार शहरांत असली की तिचा नुसता भूखंड होतो.

आमचं उज्जैन ग्वाल्हेर संस्थानातलं. इंग्रज इथे थेट राज्य करत नव्हते, तरी सिनेमाच्या धंद्याच्या नकाशावर त्यांनी आखलेल्या रेषा आजही जिवंत आहेत. वितरक अजून 'सी.आय.' म्हणजे सेंट्रल इंडिया, 'सी.पी. बेरार', 'निजाम', 'म्हैसूर' असेच प्रदेश बोलतात. यातली संस्थानं गेली, प्रांत गेले, राज्यांची पुनर्रचना झाली, पण सिनेमाचे हक्क त्याच तुकड्यांनी विकले जात राहिले. आमच्या भागाच्या वितरक-प्रदर्शकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, हिचं मुख्य ठाणं भुसावळला. भुसावळ कशासाठी? रेल्वेचं जंक्शन म्हणून. सिनेमाच्या पेट्या जिथून चारी दिशांना सुटत तिथे धंद्याचं केंद्र. खानदेशातल्या वाचकांना याचा रास्त अभिमान असायला हवा.

त्या पेट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना प्रोजेक्टरची खोलीही आठवत असेल. वरच्या मजल्यावर, जाड भिंतींची, लोखंडी दाराची. जुनी नायट्रेटची फिल्म भडकून पेटायची, म्हणून १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून सरकारचं पहिलं लक्ष आगीवर होतं आणि ही खोली त्याच भीतीतून अशी झाली. आत दोन मशीन शेजारी शेजारी, वेस्टरेक्स किंवा फोटोफोन. दिव्याच्या जागी दोन कार्बनच्या कांड्या; त्यांची टोकं जवळ आणली की मध्ये डोळे दिपवणारा जाळ उभा राहायचा. कांड्या जळून आखूड होत जात, म्हणून ऑपरेटरचा एक हात सतत चाकावर, अंतर राखायला. हात चुकला की पडद्यावरची नायिका पिवळी पडे आणि खालून शिट्ट्या सुरू होत. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, पुन्हा दिसला की झडप बदलायची. ठिपका प्रेक्षकांपैकी कुणाला दिसत नसे, आणि एकदा कुणी दाखवला की मग जन्मभर दिसत राही.

हे काम करणारी माणसं मालक नव्हती. पण 'आमची टॉकीज' असं तीच म्हणत. समोरच्या स्वस्त रांगांमधला प्रेक्षकही तसाच. उज्जैन त्या काळी गिरण्यांचं गाव होतं. विनोद मिल, हिरा मिल, नजरअली मिल यांच्या भोंग्यावर शहराचं घड्याळ चाले. पाळी सुटलेला कामगार टॉकीजकडे वळे, आणि फ्रीगंजातली मराठी बिऱ्हाडं बाल्कनीकडे. विक्रमाच्या या नगरीनं सिनेमाला विषयही पुरवला: पं. सूर्यनारायण व्यास यांच्या प्रेरणेनं विजय भट्ट यांनी पृथ्वीराज कपूर यांना घेऊन १९४५ साली 'विक्रमादित्य' काढला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा कामगारांच्या थकबाकीची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या कामगारांबरोबर रोजचा प्रेक्षकही संपला. आमच्यासारख्या गावांतल्या टॉकीजच्या ऱ्हासाचं खापर सगळे आधी टीव्हीवर, मग मल्टिप्लेक्सवर आणि आता मोबाइलवर फोडतात. माझ्या मते गिरणीगावांत पहिला घाव मजुरी बुडाल्याचा होता. खिशात तिकिटाचे पैसे नसलेल्या माणसाला टीव्हीनं पळवलं असं म्हणणं बरोबर नाही.

पुढचा बदल गुपचूप झाला. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा पाठवणाऱ्या कंपन्या आल्या आणि आठ-दहा वर्षांत रिळांच्या पेट्या नाहीशा झाल्या. गावातही शुक्रवारीच नवा सिनेमा लागू लागला, हा मोठाच फायदा. मात्र डिजिटल प्रोजेक्टर पुष्कळ ठिकाणी या कंपन्यांनीच भाड्यानं बसवला. पूर्वी टॉकीजवाल्याचं मशीन निदान त्याचं स्वतःचं असे. आता जागा वाडवडिलांची, सिनेमा वितरकाचा आणि मशीनही कंपनीचं. रोजचा हिशेब, ज्याला धंद्यात डीसीआर म्हणतात, तो भरून पाठवणारा टॉकीजमालक हळूहळू आपल्याच वास्तूतला मुनीम झाला. अशा माणसानं बिल्डरला होकार दिला तर मी त्याला दोष देणार नाही.

मालकी दुसऱ्याही प्रकारची असू शकते, याचं एक उदाहरण आपल्याच माणसांनी परदेशात घालून दिलं. लंडनच्या साउथॉलमध्ये कारखान्यांत राबणारे पंजाबी कामगार १९५० च्या दशकापासून सुट्टीच्या दिवशी सिनेमागृह भाड्यानं घेऊन हिंदी सिनेमे लावत. त्यांच्या इंडियन वर्कर्स असोसिएशननं १९६० च्या दशकात तिथलं 'डोमिनियन' थिएटर चक्क विकत घेतलं. शुक्रवारी पगार घेणारी माणसं थिएटरची मालक झाली. सिनेमातून आलेल्या पैशावर संघटनेची कामं चालली, सभा त्याच सभागृहात भरल्या. पुढे ती वास्तू पाडून तिथे डोमिनियन सेंटर उभं राहिलं, म्हणजे सिनेमा गेला तरी जागा लोकांच्या उपयोगाची राहिली. माळव्यात, खानदेशात, सोलापुरात, गिरणगावात इतक्या कामगार संघटना झाल्या, इतक्या सहकारी पतपेढ्या आणि साखर कारखाने झाले. सहकारानं दूध आणि ऊस हाती घेतला, सिनेमा नाही घेतला. ही उणीव मला बोचते. करमणूक ही गरज नाही, ती चैन आहे, असं आपल्या सुधारकांनी आणि पुढाऱ्यांनी मानलं, आणि गरिबाची ती एकमेव चैन खासगी भूखंडावर सोडून दिली.

इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम कायद्यानं आणखी एक वाट काढली. गावाला एखादं सिनेमागृह, पब किंवा दुकान आपल्या सामुदायिक उपयोगाचं वाटत असेल तर स्थानिक संस्थेच्या यादीत ते नोंदवता येतं. मालकानं विकायचं ठरवलं की रहिवाशांना पैसे उभे करायला सहा महिन्यांची सवड मिळते. मालकाला त्यांनाच विकण्याची सक्ती नाही. मालकाचा हक्क शाबूत आहे आणि प्रेक्षकाला प्रथमच कागदावर जागा आहे. आपल्याकडे मुंबईच्या विकास नियमावलीत जुन्या थिएटरच्या भूखंडावर नवी इमारत बांधताना मूळ आसनांच्या एक तृतीयांशाइतकं थिएटर ठेवण्याची अट आहे. मालकांना ती जाचक वाटते, आणि तोट्यातला धंदा कायद्याच्या धाकानं चालत नाही हा त्यांचा मुद्दा खोटाही नाही. तरी तिच्यामागचं तत्त्व मला पटतं. दर्शनी भागाचं नक्षीकाम जपून आत कपड्यांचं दुकान थाटण्यापेक्षा लहान का होईना, पडदा राहू देणं केव्हाही बरं. मात्र त्या छोट्या पडद्याला करात सवलत आणि वीजदरात सूट दिल्याशिवाय ही अट म्हणजे नुसती शिक्षा ठरेल.

मध्य प्रदेशचा सिनेमा नियमन कायदा १९५२ चा आहे. लायसन्स देताना दारं किती, आगीची सोय काय, हे तो पाहतो आणि ते योग्यच आहे. टॉकीज बंद होताना मात्र कुणी कुणाला विचारत नाही. इंदूरच्या रीगल आणि मधुमिलन या चौकांना टॉकीजचीच नावं आहेत. शहरांनी त्यांना एवढं मोठं स्थान दिलं होतं. उज्जैनमध्ये २०२२ मध्ये महाकाल लोक झालं तेव्हापासून मध्यवस्तीतल्या प्रत्येक मोकळ्या चौरस फुटाकडे हॉटेल आणि धर्मशाळेच्या नजरेनं पाहिलं जातं, आणि २०२८ चा सिंहस्थ येतो आहे. भाविकांची सोय व्हायलाच हवी. पण त्याआधी महापालिकेनं शहरातल्या सगळ्या टॉकीजच्या जागांची एक यादी करावी, चालू आणि बंद दोन्ही, कोणाची जमीन खासगी आणि कोणाची सरकारी पट्ट्याची हे त्यात लिहावं, आणि पट्ट्याच्या जमिनींवर तरी मुदत वाढवताना सभागृहाचा उपयोग कायम ठेवण्याची अट घालावी. यातल्या एखाद्या जागेसाठी इथल्या पतसंस्था, नाट्यमंडळं आणि मराठी-हिंदी रसिक मिळून न्यास करायला तयार असतील तर त्यांना सहा महिने द्यावेत.