जोडी सोडून जाण्याचा हक्क

दोघांनी मिळून संपादिलेल्या यशाचे दोन भाग करता येतात काय, आणि येत नसल्यास त्या दोघांपैकी एकास दुसऱ्याला सोडून जाण्याचा अधिकार कितपत पोचतो, हा प्रश्न प्रथमदर्शनी नीतिशास्त्राच्या वर्गात मुलांच्या बुद्धीला चाळा म्हणून घालावयाच्या प्रश्नांपैकी एक वाटेल. व्यापारातील भागीदारी मोडावयाची तर तिला कायदा आहे. विवाह मोडावयाचा तर त्यालाही कायदा आहे. परंतु माणसामाणसांत अशी काही नाती असतात की ती या दोहोंपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. गवई आणि तबलजी यांचे नाते बरेच निकटचे खरे. पण तबलजी रुसून गेला तरी गवयाचा गळा त्याच्यापाशीच राहतो, आणि तबलजीचा हात तबलजीपाशी. ज्यात एकाची विद्या दुसऱ्याच्या देहावाचून प्रकटच होऊ शकत नाही, असे निर्भेळ उदाहरण शोधू लागलो तेव्हा बर्फावरील जोडीच्या स्केटिंगइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्लीस बसून बर्फाविषयी लिहावे, यात थोडा विनोद आहे हे मी जाणतो. ताडोबाच्या अरण्याचे एक फाटक या गावापाशी आहे, जवळच इरई धरणाचा जलाशय पसरलेला आहे, आणि सध्या दुपारी पारा ४४ अंशांच्या खाली यावयास राजी नाही. धाकट्या भावाकडे सुटीस आलो असता माझी पुतणी खिडक्या लावून घेऊन जुन्या ऑलिंपिक स्पर्धांची चित्रे पाहत बसते. तिने मला विचारले, "काका, हा तिला सोडून दुसरीबरोबर खेळायला गेला, तरी लोक त्यालाही टाळ्या कशा वाजवतात?" तिला मी काहीतरी उत्तर दिले; पण ते माझे मलाच पटले नाही. म्हणून हा विचार थोडा विस्ताराने करीत आहे.

प्रथम या खेळाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. एक स्त्री आणि एक पुरुष, पायांत पोलादी पात्यांचे बूट, डोक्यावर कसलेही शिरस्त्राण नाही. पुरुष वेगात सरकत असतानाच तिला हात ताठ करून आपल्या मस्तकावर उचलून धरतो. दुसऱ्या एका प्रकारात तो तिला हवेत भिरकावतो आणि ती तीन गिरक्या घेऊन दूरवर एका पायावर उतरते. 'डेथ स्पायरल' म्हणून जो प्रकार आहे त्यात तो एका पायाचे टोक बर्फात रोवून जागच्या जागी फिरतो, आणि ती त्याचा एक हात धरून, बर्फाला केस लागतील इतकी आडवी होऊन, त्याच्याभोवती वर्तुळ काढते. पाहणारास वाटते की तो तिला ओढतो आहे. वस्तुतः तीही त्याला तितक्याच जोराने ओढीत असते. दोघांपैकी एकानेही ओढ सैल केली तर दोघांचा तोल जातो. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, आणि गुण तेव्हापासून आजतागायत जोडीलाच मिळतात, व्यक्तीला नाहीत. २०१८ साली प्योंगचांग येथे अल्योना सावचेन्को आणि ब्रूनो मासो यांच्या पहिल्या फेरीत मासोची तीन गिरक्यांची उडी दोनच गिरक्यांत आटोपली. चूक त्याची एकट्याची, पण ती जोडी चौथ्या स्थानी गेली. सावचेन्कोचे ते पाचवे ऑलिंपिक होते आणि वय ३४. दुसऱ्या फेरीत दोघांनी मिळून १५९.३१ गुण मिळविले व सुवर्णपदक नेले. चूक एकाची आणि तिची भरपाई दोघांची, असा हा हिशेब आहे.

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. १९७२ च्या फेब्रुवारीत जपानमधील साप्पोरो येथे सोव्हिएत संघाच्या इरिना रोदनिना आणि अलेक्सेई उलानोव्ह यांनी सुवर्णपदक जिंकले. रौप्यपदकही सोव्हिएत संघाकडेच गेले. ते ल्युदमिला स्मिर्नोव्हा आणि आंद्रेई सुराइकिन यांना मिळाले. उलानोव्हचे मन मात्र आपल्या जोडीदारिणीकडे नसून प्रतिस्पर्धी जोडीतील स्मिर्नोव्हाकडे लागले होते. ती दोघे पुढे विवाहबद्ध झाली, आणि बर्फावरही एकत्र उतरावयाचे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी कॅल्गरी येथे जागतिक स्पर्धा होती. तिथे सरावाच्या वेळी उलानोव्हने उचललेली रोदनिना खाली पडली आणि तिच्या मस्तकास जबर मार बसला. तरीही ती उतरली, त्याच हातांवर पुन्हा तोलली गेली, आणि त्या जोडीने सलग चौथे जागतिक विजेतेपद मिळविले. त्यानंतर ती जोडी संपली.

सर्वसाधारण वाचक येथे दोहोंपैकी एक निकाल देईल. एक निकाल असा की, प्रेमावर कोणाची सत्ता चालत नाही, उलानोव्हने काही पाप केले नाही. दुसरा असा की, वर्षानुवर्षे जिने आपला जीव त्याच्या मनगटांवर टाकला तिला त्याने ऐन भरात सोडले, हा विश्वासघातच होय. आपल्याकडे जोडी म्हटली की मनात आधी लग्नाची जोडी उभी राहते, त्यामुळे दुसरा निकाल आपल्याला अधिक जवळचा वाटतो. मला दोन्ही निकाल उथळ वाटतात, कारण दोहोंतही त्या नात्याचे विशिष्ट स्वरूप विचारात घेतलेले नाही.

ते स्वरूप इकडे, म्हणजे या झाडीच्या मुलखात, शेतकऱ्यास उत्तम ठाऊक आहे. शंकरपट हा इकडचा जुना शौक. हलक्या गाडीला जुंपलेली बैलजोडी, मागे धुरकरी, आणि काही क्षणांत संपणारी धाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील शर्यतींस सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. प्राण्यांच्या छळाचा वाद मात्र मिटला असे म्हणवत नाही, आणि मिटू नये असेच माझे मत आहे. ते असो. पटाच्या जोडीविषयी येथील एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, "गुरुजी, जोड मोडली का राहिलेला बैल अर्धाच होते. ताकद तेवढीच रायते, पण ते कामाची नाही." मला या वाक्यात एका मोठ्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाहून अधिक अर्थ दिसला. राहिलेल्या बैलाचे स्नायू, दम, धाव सारे शाबूत असते. पण शेजारच्याच्या पावलाला पाऊल जुळविण्याची जी सवय त्याच्या अंगात भिनली ती आता कोणाच्या पावलाला जुळवावी? जोडीच्या कलावंताचे तसेच आहे. त्याच्यापाशी विद्या असते ती निम्मी असते. जो सोडून जातो तो स्वतःचे निम्मे घेऊन जातो हे खरे. पण त्यामुळे मागे राहिलेल्याचे निम्मेही निरुपयोगी होते. कायद्याच्या दृष्टीने त्याने दुसऱ्याचे काहीच नेलेले नसते, आणि तरी दुसरा लुबाडला गेलेला असतो.

म्हणून काय माणसाने जन्मभर त्याच जुवाखाली राहावे? मुळीच नाही, आणि बैलाची उपमा येथेच तुटते, कारण बैलाला कोणी विचारून जुंपलेले नसते. शिवाय कित्येकदा सोडून जाणे हेच कर्तव्य असते. येलेना बेरेझनाया हिची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. ती लाटव्हियाच्या वतीने ओलेग श्ल्याखोव्ह याच्याबरोबर उतरत असे. १९९६ च्या जानेवारीत रीगा येथे सराव करताना दोघे शेजारी शेजारी फिरत असता त्याच्या बुटाचे पाते तिच्या मस्तकात घुसले. कवटी फुटली, मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि बोलणे तिला नव्याने शिकावे लागले. त्यानंतर तिने त्या जोडीत परत जावे असे कोण म्हणेल? एकनिष्ठेचे गोडवे गाणारांनी हे उदाहरण मनात ठेवावे. ज्या जोडीत दोघांचा जीव सुरक्षित नाही तिच्यात टिकून राहणे हा सद्गुण नव्हे. ती आंतोन सिखारुलिद्झेबरोबर उतरू लागली, १९९८ व १९९९ साली जगज्जेती झाली, आणि २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे तिने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. ते पदक पंचांच्या लांड्यालबाडीच्या गदारोळात सापडले, कॅनडाच्या जोडीलाही दुसरे सुवर्णपदक देण्यात आले, आणि पुढे गुण देण्याची सारी पद्धतच बदलली. पण तो विषय वेगळा.

मात्र या सुखान्त कथेतही एक बाजू सहसा कोणी सांगत नाही. सिखारुलिद्झे हा त्यापूर्वी मारिया पेत्रोव्हाबरोबर उतरत असे, आणि त्या दोघांनी कनिष्ठांचे जागतिक विजेतेपद दोनदा मिळविले होते. म्हणजे बेरेझनायाला जो आधाराचा हात मिळाला तो आधी दुसऱ्या एका मुलीच्या हातात होता. पेत्रोव्हाला पुढे अलेक्सेई तिखोनोव्ह लाभला आणि २००० साली तीही जगज्जेती झाली, म्हणून कोणाला हळहळ करण्याचे कारण उरले नाही. परंतु तिखोनोव्ह लाभला नसता तर? तर त्याच सिखारुलिद्झेकडे आपण कोणत्या नजरेने पाहिले असते? कृत्य तेच, हेतू तोच. केवळ मागे राहिलेल्या माणसाच्या नशिबावरून सोडून जाणाऱ्याची नीती ठरवावयाची, हा कोणता न्याय? आणि तरीही आपण सर्व हाच न्याय नित्य वापरतो. धाकट्या भावाचे एकट्याने नीट चालले तर थोरल्याने वेगळा संसार थाटल्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. धाकटा बुडाला की थोरला स्वार्थी ठरतो.

आपल्याकडे हा खेळ चाकांवर खेळला जातो. २०१० साली चीनमधील ग्वांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत अनूपकुमार यामा आणि अवनी पांचाळ यांनी चाकांच्या स्केटिंगमधील जोडीच्या प्रकारात भारताला कांस्यपदक मिळवून दिले. आपल्या शहरांतून चाके बांधून पळणारी मुले पुष्कळ दिसतात, जोड्या फारशा दिसत नाहीत. त्याचे कारण उघड आहे. एका मुलाला दहा वर्षे खेळात टिकविणे कठीण. दोघांना एकाच वेळी, एकाच गावात, एकाच गुरूपाशी टिकविणे त्याहून कितीतरी कठीण. एकाची दहावी आली की दुसऱ्याचाही सराव बुडतो. एकीच्या वडिलांची बदली झाली की दुसऱ्याची विद्या त्यांच्या सामानाबरोबर गाडीत चढते. येथे कोणी कोणाला फसविलेले नसते. पण नुकसान तेच.

माझा निष्कर्ष असा आहे. जोडीत शिरताना माणूस दुसऱ्याला जन्माची हमी देत नाही; पण हातात हात आहे तोवर पूर्ण बळ देण्याची हमी तो देतो, आणि ती हमी अर्धी पाळता येत नाही. मन दुसरीकडे गेले असताही कॅल्गरीस उलानोव्ह आणि रोदनिना यांनी शेवटची स्पर्धा पुरी केली, तेवढ्यापुरते त्याचे ऋण फिटले असे मी म्हणेन. हात सोडल्यावर मात्र एक दुसरे ऋण सुरू होते: मागे राहिलेल्या निम्म्या विद्येला जोड मिळावी यासाठी झटण्याचे. हे ऋण एकट्या जाणाऱ्याचे नसते. ज्या गुरूंनी ती दोन मुले कोवळ्या वयात एकमेकांना जुंपली, ज्या संस्थेने त्यांच्या पदकांवर आपला झेंडा फडकाविला, त्यांचे ते अधिक असते. कारण जाणारा निदान आपल्या सुखासाठी जातो. जुंपणारांनी मात्र त्यांच्या नावावर कीर्ती मिळविलेली असते. रोदनिनाच्या बाबतीत गुरू स्तानिस्लाव झुक यांनी हे ऋण फेडले. त्यांनी अलेक्सांद्र झाइत्सेव्ह नावाचा, तोवर जगास अपरिचित असलेला तरुण निवडला आणि काही महिन्यांत तिच्या तोलाचा केला. त्या दोघांनी मिळून सहा जागतिक विजेतेपदे आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली.

त्यांतले पहिले विजेतेपद १९७३ साली ब्रातिस्लाव्हा येथे मिळाले. खेळ अर्ध्यावर असता एकाएकी संगीत बंद पडले. दोघे थांबली नाहीत. संपूर्ण शांततेत, फक्त पात्यांचा आवाज येत असता, पाऊल न चुकविता त्यांनी उरलेला सारा खेळ पुरा केला, आणि प्रेक्षकांच्या टाळ्याच त्यांना साथ देऊ लागल्या. एक वर्षापूर्वी ज्या दोघांची ओळखही धड नव्हती त्यांना तालासाठी आता बाहेरच्या वाद्याची गरज उरली नव्हती. त्या दिवशी सुवर्णपदक रोदनिना आणि झाइत्सेव्ह यांच्या गळ्यात पडले. रौप्यपदक स्मिर्नोव्हा आणि उलानोव्ह यांनी घेतले, आणि पुढच्या वर्षीही त्यांनीच. साप्पोरोच्या विजयपीठावर सर्वांत वर उभ्या असलेल्या दोन जोड्यांतील चौघांपैकी तिघे येथेही उभे होते. आंद्रेई सुराइकिनचे नाव १९७०, १९७१ आणि १९७२ या तिन्ही वर्षी जागतिक रौप्यपदकाच्या यादीत आहे. त्यानंतरच्या कोणत्याही वर्षीच्या पदकांच्या यादीत ते नाही.