रविवारचा लेथ

किनेटिकची लूना १९७२ मध्ये रस्त्यावर आली आणि नगरच्या कारखानदारीचे नाव घरोघरी पोहोचले. त्याच नगरच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून मी हयात घालविली. एकच जॉब दिवसातून कितीतरी वेळा कातावयाचा. पुढे तो कोणत्या यंत्रात बसतो, हे पाहण्याचा योग क्वचितच. म्हणूनच की काय, घराच्या पडवीत जुना लेथ मांडून एक संपूर्ण इंजिन स्वतः घडवावे, अशी ओढ मला लागली.

मी निवडले ते उष्ण हवेचे छोटे इंजिन. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८१६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. (तो त्यावर सोमवार ते शनिवारच खपत असावा, अशी आपली माझी समजूत!) स्पिरिटच्या दिव्याने आत कोंडलेली हवा तापते, प्रसरण पावून पिस्टन ढकलते, थंड होताच आकसते. पण तिची शक्ती ती केवढी! पिस्टन किंचित घट्ट झाला तर ती घर्षणातच संपते, सैल झाला तर हवा निसटते. माझा १६ मिलिमीटरचा पिस्टन सिलिंडरपेक्षा जेमतेम एक-दोन शतांश मिलिमीटर लहान हवा होता. माणसाचा केस याहून कितीतरी जाड. शेवटी बारीक पेस्टने घासायचे, पुसायचे, सिलिंडरात सोडून पाहायचे. खालचे तोंड बोटाने दाबले की पिस्टन अडावा, बोट काढताच अलगद उतरावा. ही खूण पटेपर्यंत सुटका नाही.

हे सारे रविवारी, मिस्सा झाल्यावर चाले. मग मी प्रभूचा दिवस मोडीत होतो काय? ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या संहितेत रविवारी कष्टाची कामे निषिद्ध होती. १९८३ च्या संहितेने मात्र उपासना, त्या दिवसाचा आनंद आणि तनामनाची विश्रांती यांच्या आड येणारी कामे टाळण्यास सांगितले. हात तेच, लेथ तोच. पण सहा दिवस जे काम मला शिणवी, तेच सातव्या दिवशी विसावा देई. या उत्तरावर मी संतुष्ट होतो.

एका चैत्रातल्या रविवारी जवळच्या खेड्यातील एक शेतकरी पंपाचा झिजलेला बुश घेऊन दारात उभे राहिले.

“मिस्त्री, कांद्याला शेवटचं पाणी राहिलंय. एवढा कातून द्या.”

“अण्णा, आज रविवार. आम्ही रविवारी काम करीत नाही. उद्या संध्याकाळी या.”

त्यांनी माझ्या हातातल्या पिस्टनकडे पाहिले. “हे कशाचं?”

“खेळण्यातल्या इंजिनाचं.”

“बरं,” म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून गेले.

काम फार तर तासाभराचे होते. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी वर काढणाऱ्यांविषयी प्रभू बोलला, ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. इथे तर विहीरच दारात आली होती. तरीही नकार देणे हा अपराधच होता, असे मी म्हणणार नाही. सहा दिवस राबणाऱ्याने आलेल्या प्रत्येकासाठी लेथ सुरू केला, तर त्याला रविवार उरत नाही, आणि गरज तर सर्वांचीच असते. “आज मला माझे काम करावयाचे आहे,” एवढे म्हटले असते तर ते स्वार्थी, पण खरे ठरले असते. मी पुढे केला तो देवाचा दिवस. शतांशाची चूक न खपविणारा मी, त्या वाक्यात केवढी फट ठेवून गेलो!

बुश त्यांनी दुसरीकडून कातून घेतला. माझे इंजिन पावसाळ्यात फिरले; मुलांनी टाळ्या वाजविल्या. पुढच्या वर्षी अण्णा पुन्हा आले, वेगळा बुश घेऊन. त्या दिवशी सोमवार होता. मुद्दाम सोमवार पाहून आलो, असे त्यांनीच सांगितले.