वर कुंड्या अनेक, खाली पाणी एक

हेतू चांगला असला, म्हणजे कृतीही चांगली ठरते काय? शब्बाथशाळेतील मुलांनी असे विचारले, तर आम्ही त्यांना बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याकडे नेऊ. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या या व्यवस्थेत वरून पाहता कुंड्या वेगवेगळ्या दिसतात; पण खालून सातपुड्याचे झिरपलेले पाणी एका कुंडीतून दुसरीकडे वाहते. एकीत घाण टाकणारा पुढच्या सर्वांच्या पाण्यात ती टाकतो.

देवाची सृष्टीही अशीच जोडलेली आहे. दुखणाऱ्या गुरांना आराम पडावा म्हणून भारतभर डायक्लोफिनॅक हे औषध देत असत. हेतू दयेचाच होता. परंतु औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. त्यांच्या तीन जातींतील नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी नाहीसे झाले. मेलेली गुरे माळावर कुजू लागली, त्यांवर भटकी कुत्री पोसली, आणि माणसांना रेबीजचा धोका वाढला. २००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली.

मग दया करूच नये काय? तसे नव्हे. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध मिळते. नकळत घडले त्याचा दोष शेतकऱ्याला देता येत नाही. कळल्यानंतरचे दुर्लक्ष मात्र पाप आहे. जलप्रलयानंतर देवाने करार केला तो केवळ नोहाशी नव्हे, तर पशुपक्ष्यांशीही. म्हणून आपल्या प्रीतीनेही पुढच्या कुंडीपर्यंत पाहावे. गुराला औषध देताना, रानात कुऱ्हाड चालविताना, नाल्यात घाण सोडताना आपण विचारू या : हे पाणी पुढे कोण पिणार?