निष्कारण चालणें हा दोष आहे काय?

वर्धा जिल्ह्यांत सेलू तालुक्यांतील बोर धरणाच्या भोंवतीं साग, ऐन, तेंदू, मोह व बांबू यांचें दाट रान आहे. सन १९७० मध्यें तें अभयारण्य झालें आणि २०१४ मध्यें व्याघ्रप्रकल्प झालें. त्या वेळीं सुमारें १३८ चौरस किलोमीटरांचा हा प्रकल्प देशांतील सर्वांत लहान होता. तेथें शहरांकडील पुष्कळ लोक येतात, गाडींत बसून फाटकांतून आंत शिरतात, रानांतून एक फेरा घेतात, आणि ज्या फाटकानें गेले त्याच फाटकानें बाहेर पडतात. त्यांनीं सरपण आणलेलें नसतें, मोहफुलें आणलेलीं नसतात, हरवलेलें गुरूंही शोधलेलें नसतें. आसपासच्या खेड्यांतील आपल्या बंधुभगिनींस याचें नवल वाटतें. कित्येक उपदेशकही विचारतात कीं, ज्या वाटेनें मनुष्य कोठेंच पोंचत नाहीं ती वाट चालणें म्हणजे देवानें दिलेला वेळ उधळणें नव्हे काय?

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. तो विचारणाराचे पाय बहुधा कामावांचून एक कोसही चाललेले नसतात. मोहाचीं फुलें रात्रीं व पहाटे गळतात, म्हणून फाल्गुन-चैत्रांत बायकांस उजाडण्यापूर्वींच टोपली घेऊन निघावें लागतें. उशीर झाला तर गुरें व हरणें तीं खाऊन टाकतात. त्यामागून उन्हाळ्यांत तेंदूच्या पानांचा हंगाम येतो. पानें तोडावीं, घरीं आणावीं, त्यांचे पुडे बांधावे व मोजून द्यावे, यांत दिवस उगवून मावळतो. रान तेंच, फेराही तोच. मात्र या फेऱ्यांत मान वर करून झाड पाहावयास सवड नसते, आणि वाकून वेचणाऱ्या बाईस वाघाचें भय असतें तें निराळेंच. अशा घरांतील मनुष्यानें गाडींतल्या पाहुण्याला आळशी म्हटलें तर त्यास कोणी दोष देऊं नये. थेस्सलनीकाच्या मंडळीस पौलानें कामाविषयीं जें कडक पत्र लिहिलें, तें त्याच्या बाजूचें आहे.

तथापि केवळ परत फिरून येणें ही कांहीं निंदेची गोष्ट नव्हे. शमुवेल दरवर्षीं बेथेल, गिलगाल व मिस्पा येथें फेरी करी, लोकांचा न्यायनिवाडा करी आणि पुन्हा रामा येथें आपल्या घरीं येई. आपले उपदेशक आठवड्यांतून चार गांवें करून घरीं येतात, त्यांचा हा आद्य गुरु होय. जवळचें उदाहरण पाहिजे असल्यास विनोबा भावे १९५१ च्या मार्चांत याच जिल्ह्यांतून पायीं निघाले. एप्रिलांत तेलंगणांतील पोचमपल्ली येथें भूदानाची पहिली जमीन मिळाली. मध्यंतरीं थोडे दिवस पवनारास राहून ते पुन्हा निघाले व देशभर चालून १९६४ सालीं पवनारासच परत आले. ते कोठेंच गेले नाहींत असें कोण म्हणेल? उलट, इस्राएल लोक सेईर डोंगराभोंवतीं पुष्कळ दिवस घुटमळत राहिले तेव्हां परमेश्वरानें त्यांस उत्तरेकडे तोंड फिरविण्याची आज्ञा केली. म्हणजे फेरा हा स्वतः पुण्य नव्हे व पापही नव्हे. (शेजारी डोंगरास प्रदक्षिणा घालतात तो विषय वेगळा आहे, त्यांच्या श्रद्धेची थट्टा करणें आपणांस शोभत नाहीं.)

कोणी म्हणेल, शमुवेलास व विनोबांस कार्य होतें. ज्यास कांहींच कार्य नाहीं त्याचें काय? त्याचें उत्तर मला चौथ्या आज्ञेंत दिसतें. तींत विसावा धन्यासच नव्हे, तर दासास, दासीस, बैलास, गाढवास व वेशींतल्या परक्यासही दिला आहे. अनुवादांत त्याचें कारणही सांगितलें आहे : तुम्ही मिसर देशांत दास होतां याची आठवण ठेवा. दासाच्या पावलावर मुकादमाचा हक्क असतो. तो ज्या दिशेस जाईल ती दिशा दुसऱ्यानें ठरविलेली असते. इसहाक सायंकाळीं चिंतन करावयास शेतांत गेला, तो पेरणीकरितां नव्हे व राखणीकरितांही नव्हे. असें जातां येणें हें मोकळ्या मनुष्याचें लक्षण आहे. म्हणून गाडींतल्या पाहुण्याच्या फेऱ्यांत मला दोष दिसत नाहीं. दोष यांत दिसतो कीं, त्याच रानाच्या काठीं राहणाऱ्या बाईस जन्मांत एकदांही रिकाम्या हातांनीं तेथें जातां आलें नाहीं, आणि तिची तशी इच्छा असेल हें तिच्या घरच्यांच्याही मनांत आलें नाहीं.

येथें दुसरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. ईयोबाच्या ग्रंथांत देव असें दाखवितो कीं, जेथें मनुष्य राहत नाहीं त्या भूमीवरही तो पाऊस पाडतो व सिंहिणीच्या पिलांचें पोट भरतो. रान सर्वस्वीं आमच्या उपयोगासाठींच आहे असें मानण्यास यांत आधार नाहीं, आणि वाघाला त्याचा मुलूख असावा हें मला मान्य आहे. परंतु तो मुलूख राखण्यासाठीं बोरच्या रानांतून नवरगाव हें गांव उठवून बाहेर वसविलें गेलें. पिढ्यान्‌पिढ्या रानांत राहणारांचे हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानें मान्य केले, तरी सोडलेलें अंगण कायद्यानें परत येत नाहीं. पाहुण्याला जी शांतता आवडते तिच्यांत या लोकांचाही वांटा घातलेला आहे. फेऱ्यावर आलेल्यानें वाघ दिसला नाहीं म्हणून हळहळण्यापूर्वीं हें विचारून घ्यावें.

मग आपल्या मंडळ्यांनीं काय करावें? प्रकल्पाच्या आंत मनास येईल तसें पायीं फिरावयाची मुभा नाहीं, व ती मागूंही नये. पण जेथें वाघाचा वावर नाहीं अशी एखादी टेकडी किंवा नाल्याकांठची वाट बहुतेक गांवांस असते. पावसाळा सरल्यावर एखाद्या रविवारीं उपासना आटोपून, ऊन उतरल्यावर, उपदेशकानें मंडळीस घेऊन त्या वाटेनें जावें व दिवस असतांनाच दुसऱ्या बाजूनें परत यावें. विळा व टोपली घरीं ठेवावी. वाटेंत वाळकी काटकी दिसली तरी त्या दिवशीं उचलूं नये. मुलांस झाडांचीं नांवें म्हाताऱ्यांनीं सांगावीं. उपदेश थोडका असावा. नसला तरी चालेल.

बायका म्हणतील, संध्याकाळची चूल कोण पेटवील, पाणी कोण भरील? हा अडथळा खरा आहे आणि तो बहुतेक घरांत पुरुषांनींच दूर करण्याजोगा आहे. त्या दिवशीं घागरी त्यांनीं आधींच भरून ठेवाव्या, आणि परत आल्यावर भाकरीचें पीठ मळावयास त्यांनींच बसावें.