ध्यान कुणासाठी?

दिवाळी सरते, गाळप सुरू होते आणि बारामती-इंदापूर रस्त्यावर रात्रीचे चित्र ठरून जाते. भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे उसाने ठासून भरलेल्या दोन ट्रॉल्या, टेप मोठ्याने लावलेला. त्याच्यामागे एमआयडीसीतली पाळी संपवून घरी निघालेला दुचाकीस्वार. एक हात हँडलवर, नजर मोबाइलवर. माणसे दोन्ही चांगलीच. फक्त देह रस्त्यावर आणि मन भलतीकडे.

सजगता म्हटली की आपल्याला इगतपुरीचे धम्मगिरी आठवते. सत्यनारायण गोएंकांच्या त्या केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. दहा दिवसांच्या त्या मौनाचे मोल आहेच. पण कालव्याच्या पाण्याची पाळी आणि गोठ्यातल्या धारा ज्याला चुकत नाहीत, त्याने ते दहा दिवस काढायचे कुठून? बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्ताने त्याचीही सोय केली आहे. चालताना, वळताना, हात आखडताना-पसरताना, खाता-पिताना, बोलताना आणि गप्प बसतानाही जागे राहा, असे ते सांगते. त्यासाठी वेगळी सुट्टी लागत नाही.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच अष्टांगिक मार्गाने चालण्याचीही आहे. सम्यक स्मृती, म्हणजे हीच सजगता, हे त्या मार्गाचे सातवे अंग. दारूची प्रतिज्ञा आपल्या लक्षात राहते, दुसरीतले हे अंग निसटते. खरे तर दोन्ही एकाच मुळाशी जातात. पाचव्या शीलात मद्य वर्ज्य आहे ते प्रमादाचे, म्हणजे गाफीलपणाचे कारण म्हणून. मग थेंबही न पिता जो गाफील राहतो, त्याने ते शील पाळले असे म्हणायचे का?

संयुत्त निकायात बांबूवर कसरत करणाऱ्या उस्तादाची आणि त्याच्या शिष्याची गोष्ट आहे. उस्ताद म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, तसे नको. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा, म्हणजे दोघेही सुखरूप खाली उतरू. बुद्ध शिष्याचे म्हणणे उचलून धरतात आणि त्यात भर घालतात: स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो, आणि क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो.

ही गोष्ट मनात ठेवली तर ध्यान हा एकट्याच्या मनःशांतीचा मामला उरत नाही. कडबाकुट्टीत वैरण सारताना नजर हातावर ठेवली, तर बोटे शाबूत राहतात आणि घरातले कमावते माणूसही. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावणाऱ्याने त्याला कधीच न दिसणाऱ्या माणसाची काळजी घेतलेली असते. उसाचे बिल लांबले, सोसायटीचा हप्ता तुंबला, की घरी येताच राग बायको-पोरांवर निघतो. तो जिभेवर येण्याआधी छातीत धडधड वाढते, श्वास आखूड होतो. ते तेवढ्यात ओळखता आले, तर पुढचा शब्द गिळता येतो.

म्हणून आजचे ध्यान जमले की नाही, हे स्वतःला विचारू नये. रात्री जेवताना घरच्यांना विचारावे.