परतलेल्या स्त्रीचा न्याय



अमरावती-अकोल्याहून गडचिरोलीचे जंगल दूर वाटते; पण तेही आपल्याच विदर्भात आहे. शासनाच्या २००५च्या आत्मसमर्पण योजनेनंतर माओवादी दलम सोडून अनेक स्त्रिया तेथून परतल्या. काही जणी कोवळ्या वयातच दलमात गेल्या होत्या. आपल्याच सोबत्यांनी शोषण केल्याचे परतलेल्यांपैकी काहींनी सांगितले. त्यावर लोक सहज म्हणतात, “स्वतःच बंदूक उचलली, मग तक्रार कसली?”

या बोलण्याला इस्लाममध्ये आधार आहे काय?

दिव्य कुरआनच्या सूरह नूरमध्ये (आयत ३३) दासींवर देहविक्रयाची सक्ती करण्यास मनाई आहे. ज्यांच्यावर अशी सक्ती झाली, त्यांच्यासाठी अल्लाह क्षमाशील व दयाळू असल्याचे तेथेच स्पष्ट केले आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात तहानेने व्याकूळ झालेल्या एका स्त्रीला मेंढपाळाने देहाच्या मोबदल्यातच पाणी देऊ केले. तिने नाइलाजाने मान्य केले. तिला शिक्षेसाठी आणले गेले, तेव्हा हजरत अली (रजि.) यांनी ती विवश होती असे सांगितले आणि तिला सोडण्यात आले. विवशतेतला होकार हा होकार नव्हे.

मग शस्त्राचे काय? तिने कोणावर अन्याय केला असेल, तर त्याचा जाब तिला द्यावाच लागेल. परंतु तिच्यावर झालेला जुलूम त्यामुळे पुसला जात नाही. तिचे कर्म तिच्या नावावर, जालिमाचे कर्म जालिमाच्या नावावर. एखाद्या गटाचा द्वेष तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह माइदाची (आयत ८) ताकीद येथेही लागू आहे.

जगातील न्यायालयेही आता हेच मानू लागली आहेत. काँगोतील एका बंडखोर सेनानीच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले की, स्वतःच्याच गटातील सैनिकांवरील बलात्कारही युद्धगुन्हा ठरू शकतो. कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने २०१९ मध्ये चौदाव्या वर्षी बंडखोरांनी सक्तीने भरती केलेल्या व पुढे सक्तीचा गर्भपात सोसलेल्या स्त्रीला पीडित म्हणून मान्यता दिली.

आपल्या हाती न्यायालय नाही, जीभ मात्र आहे. चार साक्षीदारांविना शीलवान स्त्रीवर आळ घेणाऱ्यास कुरआनने ऐंशी फटके सांगितले आहेत (सूरह नूर, आयत ४). म्हणून अशी स्त्री शेजारी राहावयास आली, तर तिचा भूतकाळ उकरू नका. ती स्वतःहून बोलली, तर ऐका. तिला दवाखाना वा वकील हवा असेल, तर सोबत जा.

अल्लाह आपल्या जिभांना न्यायाची आणि अंतःकरणांना दयेची तौफीक देवो. आमीन.