बदनाम प्रदेश आणि प्रवाशाचे आश्चर्य

एखाद्या प्रदेशाच्या बदनामीचे निराकरण प्रत्यक्ष दर्शनाने होते, हे गृहीतक तपासून पाहावे लागते. विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्याला ‘मागास’, ‘कोरडा’ ही विशेषणे चिकटली. ती मनात धरून नांदेडहून हिंगोलीकडे निघालेला प्रवासी अर्धापूरला केळीच्या बागा, हळदीची शेते, केशवराजाचे मंदिर पाहतो आणि चकित होतो. हे आश्चर्य उदार भासते. वस्तुतः त्यात पूर्वग्रहच मापदंड म्हणून शिल्लक असतो. (ग्रामीण कथेच्या नागर वाचकाचेही बहुधा असेच होते.) शिवाय इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी जिथे पोहोचले नाही, तिथला कोरडेपणा काही खोटा नव्हे. मग प्रदेशाला निर्दोष ठरवण्यासाठी हिरवळीचीच साक्ष का लागावी? अर्धापूरची स्तुती करणारा हा प्रवासी कालव्यापलीकडच्या कोरडवाहू गावात मात्र उतरत नाही.